चाचींच्या आठ खुर्च्या

चाचींच्या घरी गेल्यावर लगेच बसायचं नसतं, हे मला दम्माममध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. मी आपली सांगलीच्या सवयीनं दारात चपला काढून आत गेले आणि समोर दिसली त्या खुर्चीकडे वळले, तर मागून आवाज आला, "थांब गो! तिथं नको. तिथं सकाळी गॅसवाला बसला होता."

मला वाटलं, गॅसवाल्याचे कपडे कळकट असतील. तसं काही नव्हतं. गॅसवाला बसून गेला म्हणजे त्या खुर्चीची आजची पाळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. चाचींनी ओठांवर बोट ठेवून मनाशी काहीतरी जुळवलं, एका खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरला आणि म्हणाल्या, "आज तू पाचवीवर बस." मी पाचवीवर बसले. पुढची काही वर्षं मी त्या घरात सांगतील त्या खुर्चीवर बसत राहिले, आणि एकदाही मला माझी खुर्ची आपणहून निवडता आली नाही.

आता आम्ही रियाधला आहोत. घर मोठं आहे, सोफा चांगला आहे, पाहुणे वाटेल तिथे बसतात. तरी कुणी बसलं की माझं लक्ष आधी त्यांच्या पँटच्या मागच्या खिशाकडे जातं, कारण खिशाच्या धातूच्या बटणानं कापडाचा धागा ओढला जातो. ही खोड चाचींची आहे. त्यांनी मला स्वयंपाकातलं एक अक्षर शिकवलं नाही, पण ही खोड मात्र पुरती लावून दिली.

त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या दापोलीकडच्या. चाचा एका स्पेअर पार्टच्या कंपनीत स्टोअरकीपर होते आणि दोघांचं अर्धं आयुष्य दम्माममध्येच गेलं होतं. मुलगा जेद्दाला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होता. चाची ठेंगण्या, गोऱ्या, ओढणीचं टोक कायम कमरेला खोचलेलं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि खुर्चीवर तर मुळीच नाही.

त्या आठ खुर्च्या म्हणजे काय चीज होती, ते सांगितलं पाहिजे. कोरीव लाकडी पाय, फुगीर बैठक, डाळिंबी मखमल. त्या विकत घेतलेल्या नव्हत्या. चाचांच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या मालकाची, म्हातारी आई होती. इथे पुष्कळ घरांतून रमजानच्या आधी मजलिसचं, म्हणजे बैठकीच्या खोलीचं, सामान बदलतात, आणि चांगल्या धडधाकट खुर्च्या कचऱ्याच्या पेटीशेजारी उभ्या दिसतात. त्या म्हातारीनं मात्र जुन्या खुर्च्या बाहेर न काढता चाचींना बोलावून दिल्या. कारण काय, तर आदल्या ईदला चाची तिच्याकडे गेल्या असताना कुणाच्या तरी हातून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, सांडला आणि चाचींनी बोलता बोलता ओढणीच्या टोकानं तो डाग टिपून घेतला. पुसला नाही, टिपला.

"पुसणारी बाई नि टिपणारी बाई यांच्यात फरक असतो गो," चाची सांगायच्या. "पुसणारी डाग पसरवते. टिपणारी उचलते. म्हातारीच्या ध्यानात आलं."

हे त्यांचं आवडतं तत्त्वज्ञान. त्या माणसांचीही अशीच विभागणी करायच्या. आमच्या मजल्यावरची एक बाई भांडण मिटवायला जायची आणि ते चार घरांत पोचवून यायची. तिच्याबद्दल चाची एवढंच म्हणायच्या, "पुसणारी हाय ती."

पाळीचा नियम त्यांनी कुठून काढला, देव जाणे. सगळ्या खुर्च्या सारख्याच झिजल्या पाहिजेत, असा तो नियम होता. "आठी जणी बहिणी हायत. एकीनं राबायचं नि बाकीच्यांनी मजा मारायची, हे माझ्या घरात चालणार नाय." त्यामुळे पाहुणा कितीही मोठा असो, त्याला नेमून दिलेल्या खुर्चीवरच बसावं लागे. एकदा चाचांचे मॅनेजर आले होते. ते आपलं दारासमोरच्या मानाच्या जागी बसायला गेले, तर चाचींनी त्यांना हाताला धरून कोपऱ्यात नेऊन बसवलं. चाचा शेजारी मान खाली घालून उभे. मॅनेजर गेल्यावर ते म्हणाले, "अगो, माझी नोकरी गेली असती." चाची म्हणाल्या, "नोकरी दुसरी मिळेल. मखमल मिळेल काय?"

खुद्द चाचांनासुद्धा त्या घरात स्वतःची अशी जागा नव्हती. आपल्याकडे प्रत्येक घरात बापाची एक खुर्ची असते, ती कुणी सांगत नाही पण सगळ्यांना माहीत असते. चाचा मात्र संध्याकाळी कामावरून आले की दारात उभे राहून विचारायचे, "आज कुठं?" आणि चाची आतून सांगायच्या, "दुसरीवर." ते चहाचा पेला घेऊन दुसरीवर बसायचे. मी एकदा म्हटलं, चाचा, कंटाळा नाही का येत? ते हसले. "दिवसभर मी लोकांस सांगतो, हा माल इथं ठेवा, तो तिथं ठेवा. घरी मना कोणतरी ठेवतंय. बरं वाटतं."

आमच्याकडच्या खुर्च्यांची कथा वेगळी. फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचं, भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून आम्ही चार गुबगुबीत खुर्च्या घेतल्या होत्या. रंग मूळचा मोतिया असावा; आमच्याकडे आल्या तेव्हा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा होता. मी उत्साहानं बादलीभर साबणाचं पाणी केलं, ब्रश घेतला आणि पहिल्या खुर्चीला चांगली आंघोळ घातली. तेवढ्यात चाची सांदणांची ताटली घेऊन खाली आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, ताटली टेबलावर ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"काय केलंस गो हे? वाळूस पाणी पाजलंस!"

मग मला धडा मिळाला. इथली धूळ म्हणजे आपल्याकडची धूळ नव्हे. वारा सुटला की बंद खिडकीतूनही पिठासारखी बारीक वाळू आत येते आणि कापडाच्या विणीत जाऊन बसते. तिच्यावर पाणी टाकलं की चिखल होतो आणि तो खाली स्पंजात उतरतो. म्हणून आधी सगळं कोरडं काम. मऊ ब्रशनं झटकायचं, मग व्हॅक्यूमचं चपटं तोंड लावून बैठक आणि पाठ यांच्यामधली फट साफ करायची, गादी सुटी असेल तर उलटी करून थोपटायची. त्यानंतर कपडा, तोही पिळून पिळून जवळजवळ कोरडा केलेला. पाण्यात थोडं व्हिनेगर, पण ते आधी खुर्चीच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं, रंग उतरतो का ते. डाग बाहेरून आत टिपत यायचं, आतून बाहेर कधीच नाही. तेलाचा असेल तर आधी मक्याचं पीठ भुरभुरायचं, ते तेल पितं.

माझ्या खुर्चीला मात्र आता उशीर झाला होता. मी ती बाल्कनीत उन्हात ठेवली. सांगलीत खुर्ची उन्हात ठेवली तर संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. दम्मामची हवा समुद्राची, दमट. चार दिवस गेले तरी आतला स्पंज ओला तो ओलाच आणि वास असा की आमचे हे म्हणाले, आपण खुर्ची घेतली की होडी? शेवटी चाचींनी ती एसीच्या समोर आडवी करून, खाली विटा देऊन, पंखा लावून वाळवली आणि तिच्यावर खाण्याचा सोडा शिंपडून ठेवला. वास गेला. "पाणी घालायला अक्कल लागत नाय," त्या म्हणाल्या. "काढायला लागते."

एकदा मी त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याबरोबर नेलं. पलीकडच्या कंपाउंडमध्ये पुण्याच्या एका बाईंकडे होतं. बाई बँकेतल्या, घर कसं झकपक. फक्त सोफ्यावर आणि खुर्च्यांवर दुकानातून आलं तेव्हाचं प्लॅस्टिक तसंच होतं. चाची बसल्या तशी खुर्ची चरचरली. त्या उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा चरचर. मी डोळ्यांनी खुणावत होते की काही बोलू नका. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"नवीन घेतलंस काय गो बाय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, सहा-सात वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "परत जाताना विकायला बरं पडतं ना. नव्यासारखं राहतं."

चाचींनी प्लॅस्टिकवर हात फिरवला. "म्हणजे आतला कपडा तू अजून बघितला पण नायस?"

बाई हसल्या, पण मला ते हसू जरा अडकल्यासारखं वाटलं. येताना गाडीत चाची म्हणाल्या, "परत जाईन तेव्हा, परत जाईन तेव्हा. सगळा गल्फ असा प्लॅस्टिक घालून बसलाय. खुर्चीस बसायला माणूस पायजे. झिजली तर झिजली, पण सारखी झिजू दे." मला तेव्हा वाटलं, वा, टॉवेल अंथरल्याशिवाय बसू न देणारी बाई हे बोलते आहे! पण चाचींच्या मनात त्यात काही विसंगती नव्हती. वापरायचं आणि जपायचं, हे त्यांना एकच काम वाटत होतं.

मग एका सकाळी चाचांना कामावर असतानाच पॅरालिसिसचा झटका आला.

डावी बाजू गेली. वाचा राहिली, पण बोलणं बारीक झालं. काही आठवडे हॉस्पिटलात काढून ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडून राहिले. डॉक्टरांचं म्हणणं होतं की पायात जीव आहे, चालवलं तर चालतील, पण आता चालवायला हवं. पडून राहिले तर पाय कायमचा जाईल. केरळचा एक फिजिओथेरपिस्ट यायचा. मोठा प्रेमळ मुलगा. तो "अंकल, यल्ला, उठो" म्हणायचा आणि चाचा डोळे मिटून घ्यायचे. रोज जाताना तो चाचींकडे पाहून नुसती मान हलवायचा.

मुलगा जेद्दाहून आला. येताना त्यानं दम्मामच्या दुकानातून एक मोठी रिक्लायनर खुर्ची मागवली होती. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात, असली. चाचांना तिच्यात बसवलं. त्यांना ती आवडली असावी, कारण सकाळी बसले ते रात्रीच उठवावं लागलं. जेवण तिथे, पाणी तिथे, झोप तिथे. मुलाला बरं वाटलं. "अम्मी, बघ कसे आरामात आहेत अब्बा."

दुसऱ्या दिवशी मुलगा औषधं आणायला बाहेर गेला आणि चाचींनी बिल्डिंगच्या दोन माणसांकडून ती रिक्लायनर उचलून खाली आमच्या घरी पाठवली. मागोमाग स्वतः आल्या. "तुझ्याकडं ठेव. नवऱ्यास सांग, बसू नको."

नवरा बसला. बसणारच. आठवड्याभरात आमच्या ह्यांची आणि त्या खुर्चीची अशी गट्टी जमली की ऑफिसातून आले की पाय वर, आणि "जरा पाणी देतेस का?" चाचींनी एकदा ते ऐकलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "बघितलंस? धडधाकट माणूस हाय तुझा. तो उठेना. मग आमचे उठतील काय?"

रिक्लायनर खाली आली त्याच दिवशी वर मायलेकांचं भांडण झालं होतं. आमचं छत म्हणजे त्यांची फरशी, त्यामुळे ऐकू येणं काही माझ्या हातात नव्हतं. मुलगा ओरडत होता, "तुला खुर्च्या जास्त आहेत की अब्बा? त्यांच्यापेक्षा तुझी ती लाल मखमल मोठी झाली?" त्यावर व्हॅक्यूम सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.

जाण्याआधी मुलगा आमच्याकडे आला. वाईट मुलगा नव्हता तो, घाबरलेला होता. म्हणाला, "भाभी, रमजानच्या आधी मी परत येईन. तोपर्यंत अब्बा चालत जुम्म्याच्या नमाजला गेले, गल्लीच्या टोकाच्या मशिदीपर्यंत, तर मी काही बोलणार नाही. नाहीतर मी दोघांना गावी नेतो. घर मोठं आहे, पलंग आणू, माणूस ठेवू. इथे अम्मी एकटी काय करणार?" हे तो आईवडिलांना सांगून आला होता. मी दुसऱ्या दिवशी वर गेले तेव्हा चाचा पलंगावरून पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलले. "गावी जायला मी नाय म्हणत नाय. पण मना उचलून उतरवतील गो विमानातून. सगळा गाव बघायला येईल." आणि पुन्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. सकाळी सरक, दुपारी सरक, संध्याकाळी सरक. मी काय चाललंय ते बघायला गेले. चाचींनी चाचांना पलंगावरून आणून पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं. शेजारी दुसरी, मग तिसरी, अशा आठ खुर्च्या भिंतीकडेनं मांडलेल्या. थोडा वेळ गेला की चाची स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अवो, उठा. ती दबली. दुसरीवर बसा."

"बसू दे गो जरा."

"बसा की, कोण नको म्हणतंय? पण दुसरीवर. एकाच खुर्चीचा जीव घेणार काय?"

आणि नवल असं, की ज्या माणसानं फिजिओसमोर बोटसुद्धा हलवलं नव्हतं, तो पुटपुटत, चिडत, चाचींच्या खांद्याला धरून उठायचा आणि शेजारच्या खुर्चीवर बसायचा. सगळा जन्म त्याला ही सवय. मला मात्र ते बघवेना. घामानं त्यांचा सदरा भिजलेला, पाय थरथरतोय, आणि ह्या बाईला मखमलीची पडली आहे. मी न राहवून बोलले, "चाची, पुरे करा आता. एक खुर्ची बसली खाली तर बसली."

"तू गप," चाची म्हणाल्या. इतक्या तुटकपणे त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी दुखावून खाली आले आणि दोन-तीन आठवडे वर गेले नाही.

गेले ती एका गुरुवारी. गुरुवार हा खुर्च्यांच्या सफाईचा दिवस, आणि व्हॅक्यूमची नळी धरायला मी जायची रीतच पडली होती. दार उघडंच होतं. चाचा आत झोपले होते. हॉलमध्ये चाची जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या, हातात फ्रीजमधला बर्फाचा ट्रे. गालिच्यावर एकेक खडा ठेवत होत्या. मला वाटलं, काही सांडलंय.

मग मला दिसलं. खुर्ची एका जागी राहिली की तिच्या पायांखाली गालिचा दबतो आणि खळगा पडतो. खळग्यावर बर्फ ठेवला, तो विरघळला आणि मग बोटांनी लव उलटी फिरवली की गालिचा पुन्हा वर येतो. ही युक्ती चाचींनीच मला पूर्वी दाखवली होती. पण आज खळगे होते तिथे खुर्च्या नव्हत्या. पहिली सोडली तर प्रत्येक खुर्ची तिच्या खळग्यापासून पुढे होती, आणि प्रत्येक पुढची आधीच्या खुर्चीपेक्षा वीतभर जास्त. मी त्यांच्या शेजारी बसले आणि नीट पाहिलं. आधीच्याही खुणा होत्या, बर्फानं उठवलेल्या, पण जवळून बघितलं तर कळतील अशा. वीतवीत करत त्या खुर्च्या एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. सुरुवातीला ज्या हाताला हात लावून उभ्या होत्या, त्यांच्यामध्ये आता माणूस दोन पावलं चालेल एवढं अंतर पडलं होतं. पहिली खिडकीपाशी होती आणि आठवी पार आतल्या दाराशी.

चाचींनी दुसरा खडा ठेवला. "बघू नको अशी," त्या म्हणाल्या. "लव उलटी फिरव. त्यांना कळलं तर उठायचे नायत. तुम्ही चाला म्हटलं की माणूस घाबरतो. खुर्ची दबली म्हटलं की निदान चिडतो."

मी लव उलटी फिरवली. माझ्या डोळ्यांतलं पाणी गालिच्यावर पडलं तर त्या चिडतील म्हणून मी तोंड वर करून फिरवली, हेही सांगते.

चाचांना कळलं नव्हतं असं मात्र नाही. काही दिवसांनी चाची बाथरूममध्ये असताना ते मला जवळ बोलावून म्हणाले, "मी स्टोअरकीपर हाय. माल हाललेला मना कळणार नाय काय?" त्यांचे डोळे मिश्कील झाले होते. "तिला सांगू नको. एवढी मेहनत घेते, बर्फ लावते. तिला वाटू दे मी फसलो." दोघं एकमेकांना असं फसवत होते, आणि मी मध्ये दोन्हीकडची गुपितं घेऊन तोंडाला कुलूप लावून बसले होते.

हिवाळा आला. हॉल कमी पडायला लागला, तशी आठवी खुर्ची पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आली आणि जिन्यावर उभी राहिली. चाचींनी तिच्यावर चादर टाकली होती, तरी बाहेर होती. मग ती खालच्या वळणावर आली, मग आमच्या दारासमोर. चाचा कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचे, आमच्या दारात बसून माझ्याकडचा चहा प्यायचे आणि वर जायचे. जिन्यात धूळ उडायची, मुलं बुटांनी धावायची. रोज संध्याकाळी चाची ती खुर्ची आत नेऊन ब्रशनं झटकायच्या आणि रोज सकाळी पुन्हा बाहेर ठेवायच्या. चादर कधी बंद झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

रमजानच्या आधीच्या एका शुक्रवारी मुलगा आला. त्यानं बापाला काठी घेऊन दारात उभं पाहिलं आणि हातातली बॅग खाली ठेवायचंही विसरला. तरी मशीद लांब होती. गल्ली सरळ, पण लांब; मध्ये दुकानं, लॉन्ड्री, बंद पडलेलं एक गॅरेज, आणि कुठे टेकायला म्हणून जागा नाही. चाचींनी मुलाला सांगितलं, "एक खुर्ची घे नि लॉन्ड्रीसमोर ठेवून ये. अर्ध्या वाटेत बसतील."

"कोणती, अम्मी? प्लॅस्टिकची आणतो कुणाकडून तरी."

"प्लॅस्टिकची सरकते. मखमलीची ने."

मुलानं आईकडे असं पाहिलं, जणू ही बाई त्याला नवीन आहे. मग त्यानं खुर्ची डोक्यावर घेतली आणि खाली गेला.

आम्ही दोघी वरच्या खिडकीत उभ्या राहिलो. वारा होता, वाळूचा. फुटपाथवर, दुकानांची शटरं नमाजसाठी खाली आलेली असताना, ती डाळिंबी मखमलीची खुर्ची एकटी उभी होती, लग्नाचा मांडव हलला आणि तेवढी मागे विसरली असं वाटावं. चाचा मुलाबरोबर निघाले. काठी, पाऊल, मग ओढलेलं पाऊल. लॉन्ड्रीपाशी पोचले तेव्हा खुर्चीत जवळजवळ कोसळलेच. बराच वेळ बसले. माझ्या मनात आलं, झालं, आता परत फिरतात. चाचींचे ओठ हलत होते, दुआ पुटपुटत असाव्यात. मग चाचा उठले आणि कोपऱ्यावरून मशिदीकडे वळले.

कोपऱ्याआड दिसेनासे झाले. मी चाचींचा हात धरला. त्या म्हणाल्या, "अजून यायचं हाय."

नमाज संपली, गल्ली माणसांनी भरली आणि हळूहळू रिकामी झाली. कचऱ्याच्या गाडीमागे फिरणारा एक सफाई कामगार, अंगावर मळका पिवळा युनिफॉर्म, त्या खुर्चीपाशी थांबला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि बसला. मागे टेकून, पाय पसरून, चांगला बसला. टॉवेल नाही, काही नाही. चाचींनी खिडकीची चौकट घट्ट धरली, पण त्या तिकडे बघत नव्हत्या. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

तिथून चाचा आले. मुलगा दोन पावलं मागे, हात पुढे करून, पडले तर धरायला. चाचा लॉन्ड्रीपर्यंत आले. सफाईवाला धडपडत उठला. चाचांनी काठी बगलेत धरली, उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला पुन्हा खाली बसवलं. काहीतरी बोलले. मग काठी टेकली आणि पुढे चालायला लागले.

"बसले नायत," चाची म्हणाल्या.

चाचा गॅरेजसमोरून आले, वाळूचा एक लोट आला तेव्हा थांबले, तोंडावर हात धरला, पुन्हा निघाले. मुलगा खुर्चीपाशीच थांबला होता. त्याला एकाच वेळी खुर्चीही आणायची होती आणि बापामागेही यायचं होतं, आणि सफाईवाल्याला ऊठ कसं म्हणणार, म्हणून तो हात लोंबते सोडून नुसता बापाच्या पाठीकडे बघत होता.

"बसले नायत गो," चाची पुन्हा म्हणाल्या आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागल्या. इतक्या मोठ्यानं, की खाली चाचांनी मान वर करून पाहिलं.